आधीचा फोटो

"शर्ट काढ."

हा विकी. जिमच्या शेठचा पोरगा. हातात नवाकोरा डिजिटल कॅमेरा. मी नुसती चौकशी करायला गेलो होतो. डंबेल मारणारे सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले.

"नवीन पोरांचे फोटो काढतो आम्ही. लाजतो काय बायकांसारखा?"

काढला. अठरा वर्षांचा होतो. बरगड्या, खपाटीला गेलेलं पोट, गळ्यात काळा दोरा. फ्लॅश पडला. मागून कोणीतरी बोललं, "अबे, हाडं मोजून घे याची."

चार दिवसांनी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत मित्राने दाखवलं. फोटो टाकायची ती साईट तेव्हा नवी होती, सगळी वसई त्यावर पडीक. डावीकडे मी. उजवीकडे विकी, तेल चोपडून, पोट आवळून. माझ्याखाली लिहिलेलं 'आधी', त्याच्याखाली 'नंतर'. दोन्हींच्या खाली पोरापोरींच्या कमेंटची रांग. 'मिठागरातला बगळा.' 'वारा आला की बांधून ठेवा याला.' आमचं घर नायगावच्या खाडीकडे, बाबा मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहणारे. म्हणजे लिहिणारे ओळखीचेच. माझ्या वर्गातली एक पोरगीही होती त्यात, खदाखदा हसत.

घरी आलो, मोरीला कडी लावली आणि स्वतःला बुक्के मारले. बरगड्यांवर. तुटा साल्यांनो, तुटा! मला विकीचा राग यायला हवा होता ना? माझ्या हाडांचा आला.

आणि गेलो कुठे? त्याच जिमला. वर्षभर. रोज त्या साईटवरच्या फुगलेल्या छात्या बघायच्या आणि आरशात स्वतःला शिव्या घालायच्या. अंग भरलं. विकी खूश. म्हणाला, "आता तुझा 'नंतर' काढू. पंधरा दिवस मीठ बंद, पाणी कमी. नसा वर येतात."

मीठ बंद. आमच्या घरात! आई हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिली.

"बाप दिवसभर मिठात पाय कुजवतो, आनि तुला अलनी पायजे? कुनी येडा केला रं तुला?"

मी ताट भिरकावलं. कालवण भिंतीवर उडालं.

फोटोच्या दिवशी जिममधल्या आरशासमोर उभा राहिलो, गरगरलं आणि कोसळलो. भुवई फुटली. कोणीतरी मिठागरावर फोन केला. बाबा कामावरून तसेच धावत आले. पायांवर मीठ सुकलेलं, टाचा फाटलेल्या, पाटीखालची चुंबळ हातात तशीच.

"काय झाला रं?"

विकीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खूश झाला. "काका, शर्ट काढा. बाप आधी, पोरगा नंतर. एकदम हिट!"

आणि बाबा बटणं काढायला लागले.

आयशप्पथ, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांना वाटलं, पोराच्या भल्याचंच काहीतरी असेल. मिठागरावर मालकाने वाक म्हटलं की वाकायचं, एवढंच त्यांना माहीत. बोटं भेगाळलेली, बटण निघेना. तर विकीलाच म्हणाले, "थांबा हां सायेब, काढतो."

मागे खीखी सुरू झाली. बाबांच्या बरगड्या दिसायला लागल्या. हुबेहूब माझ्याच, त्या 'आधी'च्या फोटोतल्या. त्या बरगड्यांच्या जिवावर आमचं घर जेवत होतं, आणि तसल्याच बरगड्या मी मोरीत बुक्क्यांनी फोडत होतो. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, नाय काढायचा!"

कॅमेरा हिसकावला. फरशीवर आपटला. वर डंबेल घातलं. विकीने कानाखाली जाळ काढला. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. रक्त त्याच्या तेलकट छातीवरून ओघळलं. मग सगळे तुटून पडले. लाथा, बुक्के, बूट. बाबा मध्ये पडले, त्यांनाही तुडवलं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "उद्या जाऊन पाया पड. त्याचा बाप मिठागर विकत घेतंय. मना कामावरनं काढतील."

माझा जबडा सुजला होता. तरी बोललो. "नाय पडणार."

नाहीच पडलो. बाबांचं काम गेलं. मी विरारला गोदामात गोण्या उचलायला लागलो. विकीच्या पोरांनी रस्त्यात गाठून पुन्हा मारलं. मारू दे. माझं अंग चांगलं की वाईट, हे आता मला कोणी सांगायचं नाही. आणि माझ्या बापाच्या अंगाला जो हसेल, त्याचे दात त्याच्याच घशात घालीन.