सतरा नंबरचा पेशंट

सुफिया शेख शिरूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायची. शिकाऊ पोरांच्या हातून खऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ नको, म्हणून तिनं कॉम्प्युटरवर चाळीस खोटे पेशंट उभे केले होते. प्रत्येकाचं वय, जुने आजार, चालू गोळ्या, रिपोर्ट सगळं भरलेलं. औषध निवडलं की पुढं पेशंटचं काय झालं ते पडद्यावर यायचं.

सतरा नंबरचा तेवढा पुरता खोटा नव्हता. तिचे अब्बा पाशाभाई राहायला दौंडला, रांजणगावला कंपनीची बस चालवायचे. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती. गुडघा धरला म्हणून ते गावातल्या हौशीरामच्या मेडिकलात गेले. त्यानं एका शब्दानं न विचारता दुखण्यावरच्या जालीम गोळ्या दिल्या. दोन्ही गोळ्या पोटात एकत्र आल्या; पाचव्या दिवशी रक्ताची उलटी झाली, सातव्या दिवशी दफन. सुफिया जाब विचारायला गेली, तर हौशीराम म्हणाला, "पावती हाय का?"

पावती नव्हती. नऊ वर्षं तो प्रश्न तिच्या डोक्यात ठणकत राहिला.

यंदा कॉलेजानं मेडिकलवाल्यांसाठी कोर्स ठेवला. हौशीराम आला. त्यानं तिला ओळखलं नाही. सुफियानं त्याला मुद्दाम सतरा नंबर दिला.

त्यानं चालू गोळ्यांचं पान उघडलंच नाही. तीच गोळी निवडली. पडद्यावर आलं: रक्तस्राव, मृत्यू.

"काम्प्युटरातला मानूस हाय म्याडम," तो हसला.

"परत करा."

दुसऱ्यांदा त्यानं नुसता डोस कमी केला. पेशंट पुन्हा मेला. मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलं.

"मोठ्यानं वाचा. वय, काम, गाव."

"अठ्ठावन्न... बस ड्रायव्हर... दौंड..." त्यानं मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं.

"व्हय, पाशाभाईंची पोरगी मी," सुफिया भर वर्गात म्हणाली. "आज पावती लागंल का?"

तिनं त्याला नापास केलं. पुढच्या महिन्यातही केलं.

तिसऱ्या महिन्यात त्यानं आधी चालू गोळ्या वाचल्या आन् दुखण्याची गोळी नाकारली. डॉक्टरांना विचारावं लागेल, असं लिहिलं. बोट ठेवायला कुठं जागाच नव्हती. सुफियानं सही केली. तो हात जोडून उभा राहिला.

"मला न्हाई," ती म्हणाली. "कबरस्तानात जाऊन जोडा."