शिसं धरलेली पूड

फुलसावंगीच्या बळीरामची पोरगी ममता यवतमाळला रसायनशास्त्र शिकायला गेली, ती संशोधनातच रुतली. लोक विचारायचे, "काय करून राह्यली तुमची पोरगी?" अन् तिची माय सुखीबाई ऐटीत सांगायची, "पाण्यातलं जहर पकडते!" एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं?

खेकड्यानं नांगीत धरावं तसे शिशाचे कण धरणारे रेणू ममता बनवायची. धरलेलं शिसं आत नेमकं कसं बसलंय, ते सॉलिड-स्टेट एनएमआर यंत्रात कळतं. त्यात त्या रेणूंची कोरडी पूड भरून मोठ्या चुंबकात गरगर फिरवतात. यंत्र हैदराबादला. तिथला नंबर लागला तशी ती पुडीची बाटली घेऊन निघाली अन् वाटेत घरी थांबली. माय सोडते थोडीच!

"हेच का ते?" मायनं बाटली उचलून विचारलं.

"हो, शिसं पकडते हे," म्हणून ममता आंघोळीला गेली. शिकलेल्या माणसाची हीच खोड मेली, अर्धं सांगायचं! पुडीनं शिसं आधीच धरलेलं आहे, हे मायला कोण सांगणार?

बळीरामच्या किडन्या कधीच्या अधू, अन् त्या पाण्यातल्या जहरानंच गेल्या असं सुखीबाईच्या मनानं घेतलेलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तशी तिनं सगळी पूड नवऱ्याच्या तांब्यात घातली, ढवळली अन् मायेनं पाजली.

रिकामी बाटली पाहून ममताच्या तोंडचं पाणी पळालं. "माय, हे काहून केलं?"

"तुह्या बापासाठीच त केलं व!"

हैदराबाद गेलं उडत. तिघं उमरखेडच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं अन् ममताला बाजूला घेतलं. "शिशावरचं औषध यांच्या किडन्यांना झेपेल असं वाटत नाही. गरज असेल तरच देतो. तुमची पूड पोटातल्या आम्लात शिसं धरून ठेवेल, की सोडेल?"

ममता रडायलाच लागली. कोरड्या पुडीतलं शिसं कसं पाहायचं, ते तिला ठाऊक होतं. पोटात गेल्यावर काय होतं, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

"सांग न व बाई," मागोमाग आलेली माय काकुळतीला आली, "तुले त मालूम हाय."

"मले नाही मालूम, माय."

बळीरामनं खाटेवरूनच डॉक्टरांना हाक मारली. "साहेब, तिलेच विचारा. माही पोरगी म्हणन तसं करा."