रुमालाखालचा हात
हळदीचा डबा उघडला की एकाहत्तर-बाहत्तरची सांगलीची पेठ आठवते. मुक्या-बहिऱ्या, पायांनी अधू काकांच्या जन्मभराच्या सांभाळासाठी आजोबांनी हळदीचं एक शेत राखून ठेवलं होतं. विश्वस्त माझे वडील. काकांचं वर्षभराचं औषधपाणी हळदीच्या भावावर चाले. त्या वर्षी वडिलांनी त्यांना पाठुंगळी घेऊन सौद्याला नेलं. तिथे रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरत. वडिलांच्या आधी काकांनीच हात पुढे केला. "आवं, ह्यास्नी काय कळतंय?" व्यापारी म्हणाला. "माल त्याचा हाय," वडील हसले, "अन् त्यो बोलतोयच बोटांनी!" काकांनी दोनदा मान हलवून नकार दिला, तिसऱ्यांदा पिवळ्या धुळीत खुदकन हसले. "लय चिवट गडी हाय!" भाव कबूल करत व्यापाऱ्यानं हात झटकला. वडिलांमागे विश्वस्त मी झालो. गेल्या महिन्यात काका गेले. तोवर रुमालाखाली हात मात्र त्यांचाच असे.