रोह्याच्या पडवीतली होडी

आमच्या व्याह्यांइतका जलप्रवास केलेला माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या सगळ्या प्रवासात त्यांच्या अंगठ्यालासुद्धा पाणी लागलं नाही. रोह्याच्या घराच्या पडवीत बसल्या बसल्या ते कुंडलिका उतरले, रेवदंड्याला समुद्राला लागले, अलिबागवरून वर जाऊन मांडव्याला वळसा घालून धरमतरच्या खाडीत शिरले. वाटेत दोनदा वादळात सापडले. एकदा रेवसजवळ गाळात रुतले, तर दोन दिवस यंत्रावरून उतरून पलंगावर जायलाच तयार नव्हते. सूनबाईने, म्हणजे माझ्या लेकीने, चहाचं आमिष दाखवलं तेव्हा कुठे होडी सुटली.

होडी म्हणजे व्यायामाचं यंत्र. व्याही कंपनीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. रोज व्यायाम केलात तर हे हृदय चालेल, नाहीतर बसेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून जावईबापूंनी मुंबईहून रोइंग मशीन आणलं. रुळावर मागेपुढे सरकणारी बैठक, पाय अडकवायला पट्टे, ओढायला दांडा, समोर घरघरणारं चाक. व्याही एकदाच बसले आणि उठले. "जागच्या जागी घाम गाळायचा आन पोचायचं कुठंच नाय. असला धंदा मी जन्मात केला नाय." पुढे महिनाभर त्या दांड्यावर माझ्या नातवाची लंगोटं वाळली.

मग एके दिवशी त्यांनी पडवीच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा चिकटवला, यंत्राची पाठ दाराकडे केली आणि जाहीर केलं, "मी गावाला चाललो." त्यांचं गाव वडखळच्या पलीकडे, खाडीकाठी. वडील मिठागरातलं मीठ होडीत भरून पेणच्या अंतोरे बंदरात आणायचे, आणि हे लहानपणी वल्ह्याला. आता रोज यंत्रावर जेवढं अंतर भरेल तेवढी नकाशावर पेन्सिलीची रेघ पुढे सरकायची. मात्र खाडीचा माणूस तो, पाण्याच्या उलट जाणार कसा? नदी उतरायची ती ओहोटीला, खाडीत शिरायचं ते भरतीला. म्हणजे व्यायामाची वेळ ठरणार तिथीवर. पौर्णिमेला ऐन बाराला ओहोटी लागायची, की हे ताटावरून उठून चालले. डॉक्टरांनी वेळ एक ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टर डोंगराकडचा हाय, त्याला भरतीचं काय ठाव?" नारळी पौर्णिमेला त्यांनी बादलीत नारळ सोडला आणि मगच वल्हं धरलं. होडीपुढून कोणी आडवं जायचं नाही. लेक लादी पुसायला आली की ओरडायचे, "पाय उचल गो, लाट येते." आणि ती पाय उचलायची. माझ्या घरी तिने कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता.

मी तेव्हा बासष्ट वर्षांची, म्हणजे अक्कल न फुटलेली पोरगीच. गुडघे कुरकुरत होते, पण जीभ तुरुतुरु चालायची. पेणहून रोह्याला महिन्यातून दोनदा जायचं, मानाच्या खुर्चीत बसायचं आणि व्याह्यांची गंमत बघायची, हा माझा छंद. मी स्वतः जन्मात एकदाच होडीत बसले होते, नवी नवरी असताना, तीही काठ लागेपर्यंत डोळे गच्च मिटून. पण ऐट अशी की जणू गलबतावर जन्मले. व्याही होडीत रोज कोणा ना कोणा उतारूला घ्यायचे. यंत्राला भार कमीजास्त करायची एक खटकी होती. मी पहिल्यांदा पडवीत पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि खटकी दोन घरं वर सरकवली. "विहीणबाय बसल्यात, भार वाढला." मी दोन महिने गेले नाही.

त्यांची सगळ्यात नामी खोड म्हणजे मोजणं. आकडा म्हणून मोजायचेच नाहीत. गावातल्या घरांची नावं घ्यायचे, वेशीपासून ओळीनं, दांड्याच्या एका ओढीला एक घर. "चिंचवाल्याचं... तांडेलाचं... बहिऱ्या आजीचं..." शेवटचं घर त्यांचं. ते आलं की पुन्हा वेशीपासून सुरू. अशा किती फेऱ्या झाल्या यावर त्यांचा व्यायाम ठरे. मला वाटायचं, म्हातारा पाढे विसरला.

एका भेटीत मी चष्मा लावून नकाशा पाहिला. रेघ गावाला टेकायला बोटभर राहिली होती. मी म्हटलं, "अहो व्याहीबुवा, उद्या घरी पोचताय की. येताना कोलंबी आणा, आणि उतरताना धोतर सांभाळा." त्यांनी पेन्सिल खिशात घातली. मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी ते होडीत बसले नाहीत. वारा पडलाय म्हणाले. मग उधाण आहे म्हणाले. मग काहीच म्हणेनासे झाले. तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला. "आई, बाबांच्या पायाला सूज चढलीय. डॉक्टर म्हणतात, हे असंच बसून राहिले तर कठीण आहे. तू काय बोललीस त्यांना?"

"कोलंबी आणा म्हटलं," मी म्हणाले, आणि माझा मलाच तो विनोद कळेना.

मी रोह्याला गेले. मानाच्या खुर्चीत बसायची इच्छा झाली नाही. व्याही पडवीत कोपऱ्यात बसलेले, यंत्रावर पुन्हा लंगोटं.

"का हो थांबलात?"

त्यांनी नकाशाकडे बोट केलं. "बांध फुटला तवा मी इथं कंपनीत, शिफ्टला. खाडी गावात शिरली. भाऊबंद निघाले, कोण वडखळला, कोण रामवाडीला. मी काय पायलाच नाय गेलो. बोलतात, आता तिथं चिखलात निस्ती तिवरांची झाडी हाय." मग पायाच्या सुजेवर बोट दाबून म्हणाले, "पोचलो की उतराया लागंल, विहीणबाय. उतरू कुठं?"

जीभ पहिल्यांदाच गुडघ्यांसारखी अडली. मी लंगोटं काढली, स्वयंपाकघरातून पाट आणला आणि चाकापलीकडे त्यांच्या बैठकीसमोर मांडून त्यावर बसले. बसताना जो आवाज झाला तो गुडघ्यांचा.

"मला पेणला जायचंय," म्हटलं. "अंतोऱ्याला सोडा."

"गाव वाटेत लागतं."

"लागू दे. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, तुम्हाला कुठे दिसतंय? पुढचं मी बघते. तुम्ही मान वळवायची नाही."

त्यांनी पट्टे बांधले. हात खटकीकडे गेला, माझ्याकडे पाहिलं आणि खटकी दोन घरं वर. वेशीपासून नावं सुरू झाली. मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत बसले. पलीकडे दार, दारात लेक, लेकीच्या हातात पोतेरं. "बांध दिसतोय," मी म्हणाले. "दोन बगळे बसलेत."

"तांडेलाचं," ते म्हणाले. "अंगणात कोण हाय?"

"जाळं सुकत घातलंय."

"बहिऱ्या आजीचं... आमचं." दांडा हातात तसाच राहिला. "आंबा हाय का दारात?"

"आहे," मी म्हटलं. "मोहरलाय. हात थांबवू नका, मला उशीर होतोय." आयुष्यात दुसऱ्यांदा होडीत बसले होते आणि या वेळी डोळे मिटायची सोय नव्हती.

महिन्याभरात त्यांनी मला अंतोऱ्याला उतरवलं. मग मला रोह्याला लेकीकडे परत यायचं होतं, मग पुन्हा पेणला. अशा आमच्या सहा वर्षं खेपा झाल्या. गाव दर वेळी वाटेत लागायचं, आंबा बारा महिने मोहरलेला. त्यांनी मान एकदाही वळवली नाही. एका अष्टमीला, पहाटेची ओहोटी लागायच्या आधी, ते झोपेतच गेले.

होडी आता माझ्याकडे पेणला आहे. ऐंशीला टेकले, डॉक्टर म्हणतात थोडं हलत राहा, म्हणून बसते. भरती बघून बसते, हे लेकीला सांगू नका. आकडे मलाही मोजवत नाहीत. चिंचवाल्याचं, तांडेलाचं, बहिऱ्या आजीचं, सगळी घरं ओळीनं पाठ आहेत. चाकापलीकडे पाट मांडलेला असतो. आणि दांडा धरण्यापूर्वी मी खटकी दोन घरं वर सरकवते. व्याही बसलेत, भार वाढणारच.