आईने सेव्हिलला पंखे घेतले

आईला मी फसवलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. आमच्या स्पेनच्या फोटोंवर अजून लाइक्स येतात. परवा कोणीतरी लिहिलं, ‘मुलगी असावी तर अशी.’

म्हणून हे लिहिते आहे.

आई सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायची. बाबा गेल्यावर माझ्याकडे कॅल्गरीला आली. इंग्लिश जेमतेम. ती आजारी पडल्यावर हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बोलायच्या, मी तिला मराठीत सांगायचे.

फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाल्या, औषधं काम करत नाहीत. सहा महिने, फार तर आठ. काही करायचं राहून गेलं असेल तर आत्ता करा.

आईने माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतात?”

“औषध लागू पडतंय. म्हणतात, जरा कुठे फिरून या.”

आई हसली.

डॉक्टरांना वाटलं, किती धीराची बाई.

दादाने पुण्याहून आधीच बजावलं होतं. “वाईट काही निघालं तरी तिला सांगायचं नाही. खचेल ती.” आपल्याकडे असंच करतात. आमच्या आजोबांना शेवटपर्यंत अल्सर सांगितला होता.

पण सगळं दादावर ढकलत नाही. मला तिचं रडणं बघायचं नव्हतं. मला चांगली ट्रिप हवी होती.

सेव्हिल आईनेच निवडलं. शाळेत ती मुलांना एका चित्राची तळहाताएवढी प्रिंट दाखवायची. पांढऱ्या झग्यातले साधू. पांढऱ्यात किती रंग असतात ते बघा, म्हणायची. मूळ चित्र सेव्हिलच्या म्युझियममध्ये आहे.

मार्चमध्ये गेलो. इथे घरासमोरचा बर्फ उपसून निघालो, तिथे रस्त्यारस्त्यावर संत्र्याची झाडं फुललेली.

पहिल्या दिवशी पालक आणि छोल्यांची भाजी खाल्ली. आईने दोन घास घेतले आणि चमचा खाली ठेवला.

“अगं, जिरं आहे यात!”

“मग?”

“मग काय? इतक्या लांब येऊन जिरंच. गूळ तेवढा विसरलेत.”

प्लेट मात्र पुसून संपवली.

संध्याकाळी एका लहानशा खोलीत फ्लॅमेंको, तिकडचं गाणं आणि नाच. काळ्या साडीतल्या आपल्या एखाद्या आत्यासारखी दिसणारी बाई घसा फाडून गात होती.

“ही गात नाहीये, भांडतेय,” आई माझ्या कानात म्हणाली.

“कोणाशी?”

“नवऱ्याशी. बघ, मागे गिटार घेऊन कसा गप्प बसलाय.”

मग ती टाळी धरायला लागली. जमेना. तिथे टाळी मात्रेवर पडत नाही, दोन मात्रांच्या मध्ये पडते. कार्यक्रम संपेपर्यंत ती मांडीवर हळूहळू वाजवून बघत होती.

“पुढच्या वर्षी महिनाभर येऊ या,” ती म्हणाली. “शिकल्याशिवाय सोडणार नाही.”

मी म्हटलं, “येऊ या.”

मधले दोन दिवस ती दमून हॉटेलवर झोपून होती. म्युझियम शेवटच्या दिवसावर गेलं. तो रविवार होता, दुपारनंतर बंद.

सकाळी आई पर्समधून यादी काढून बसली. वन्सं, दोन्ही जावा, त्यांच्या सुना, बिल्डिंगमधल्या बायका. परदेशातून रिकाम्या हाताने यायचं नसतं. सेव्हिलहून कॅल्गरीला परतणाऱ्या बाईलासुद्धा सांगलीच्या नातेवाइकांसाठी न्यावं लागतं. दिवाळीत जायचंच आहे, म्हणाली.

पंख्यांच्या दुकानात ती तासन्‌तास होती. प्रत्येक पंखा उघडायचा, वारा घ्यायचा, मिटायचा.

“धाकट्या जावेला काळा नको. लगेच म्हणेल, मुद्दाम दिला.”

“आई, म्युझियम बंद होईल.”

“होऊ दे. चित्रं कुठे पळून जातायत? पुढच्या वर्षी निवांत बघू. हिला मात्र काही नेलं नाही तर जन्मभर ऐकवेल.”

मी घड्याळ पाहिलं. चालत दहा मिनिटांवर होतं. अजून वेळ होता.

एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, “हा लाल छान आहे.”

फोटोही काढला. लाल पंखा, मागे आई, हसरी. सगळ्यात जास्त लाइक्स त्यालाच आहेत.

मे महिन्यात एका पंजाबी नर्सने हिंदीत, अगदी मायेने विचारलं, “आंटीजी, हॉस्पिस का कुछ सोचा है?”

आईने विचारलं, ते काय असतं. तिने सांगितलं, शेवटचे दिवस शांतपणे काढायची जागा.

परत येताना गाडीत आई म्हणाली, “फेब्रुवारीत डॉक्टर हेच म्हणाल्या होत्या?”

“हो.”

“म्हणजे तिकडे तुला माहीत होतं.”

“हो.”

सिग्नलला गाडी थांबली.

“आणि मी पंखे घेत बसले गं.”

मी रडायला लागले.

“समोर बघ,” ती म्हणाली. “हिरवा झालाय.”

दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे गं. निदान स्पेन तरी एन्जॉय केलं तिने.”

त्यानंतर आईने पुन्हा कधीही मला मध्ये घेतलं नाही. पुढच्या अपॉइंटमेंटला स्वतःच्या मोडक्या इंग्लिशमध्ये तिने दुभाषी मागितला. हॉस्पिटल फोनवर देतं. कुठल्यातरी शहरातली कोणीतरी मराठी बाई स्पीकरवर असायची. मी कॉरिडॉरमध्ये बसायचे.

घरी ती माझ्याशी नेहमीसारखी वागायची. चहा मागायची, माझ्या मुलांच्या शाळेची चौकशी करायची. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या अपॉइंटमेंटला ती खूप वेळ आत होती. दारातून तिचा आवाज येत होता, शब्द नाही. एकदा हसलीसुद्धा. तिने काय विचारलं, डॉक्टरांनी काय सांगितलं, तिला कशाची भीती वाटत होती, काय हवं होतं, हे त्या फोनवरच्या बाईला माहीत आहे.

मला नाही.

भावपूर्ण वगैरे लिहवत नाही.

श्रद्धांजली, आई.