झुबेदा आपाची लांबची काच

झुबेदा आपा गेली. आणि या पोस्टखाली कुणी 'बिचारी' लिहिलं तर त्याला मी सरळ ब्लॉक करणार आहे.

सकाळपासून बघतेय. 'बिचारी एकटीच राहिली.' 'बिचारीनं मोर-पाखरांत आयुष्य घालवलं.'

अरे, कोण बिचारी?

तुम्ही तिला शेवटी शेवटी खाटेवर बघितलंत. मी तिला हैदराबादच्या भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसलेली बघितलीय.

ऐका मग.

निजाम जाऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती. आपल्या उस्मानाबादेत आपाच्या अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. गाव त्यांना फोटो मास्तर म्हणायचं, मी चाचा. आमची घरं शेजारी. आपा माझ्याहून थोडी मोठी.

तेव्हा बऱ्याच घरांत बायकांचे फोटो काढायला परका पुरुष आत जायचा नाही. त्यांच्यातही नाही आणि आमच्यातही नाही. तिथं आपा जायची. असं करतच ती कॅमेरा शिकली.

पण तिचा सगळा जीव येडशीच्या रामलिंगला. तिथल्या झाडीत मोर. आणि स्टुडिओच्या लेन्सनं मोर काढला की तो कोंबडीच्या पिल्लाएवढा यायचा. लई चिडायची!

एका वर्षी चाचांनी नवीन लेन्स घ्यायची ठरवली. एकच. त्यांना हवी होती लग्नाचा अख्खा मांडव मावेल अशी. आपाला हवी होती लांबचं ओढून आणणारी. बापलेकीचं घरात वाजलं, आणि शेवटी दोघं हैदराबादला निघाले.

बापाबरोबर का होईना, पोरगी परक्या बाजारात जाणार तर सोबतीला मैत्रीण हवी, असा तिच्या अम्मीचा कायदा. म्हणून मी.

दुकानदार फक्त चाचांशी बोलायचा. आपानं विचारलं तरी उत्तर चाचांना. तिच्या हट्टापायी त्यानं दोन लांबच्या लेन्स काढल्या. एक सडपातळ. दुसरी आमच्या वरवंट्याएवढी आणि तेवढीच जड. तिचं कडं फिरवलं की लांबचं जवळ यायचं, उलटं फिरवलं की परत मागं जायचं. आजची तुमची झूम.

त्यानं दारातून समोरचा मिनार दाखवला. "देखो साहब, दोनों एकदम साफ. लेनाच है तो हलकी वाली लेव."

आपा म्हणाली, "धूप में तो सबीच अच्छे दिखते."

आणि कॅमेरा घेऊन सरळ मागच्या गोदामात! दुकानदार 'अरे अरे' करतोय. तिथं कोपऱ्यात पोत्यावर मांजर झोपलं होतं. सडपातळ लेन्समधून नुसता अंधार. जाड्या लेन्समधून मांजराच्या मिशा दिसल्या. तिनं मलाही दाखवलं.

"सुमन, मोर सकाळी सकाळी पाण्यावर येतो, झाडाखाली. तिथं ऊन कुठाय? आणि तो जवळ आला तर मला उठून मागं सरकता येत न्हाय, लांब गेला तर पळता येत न्हाय. मला हीच पायजे."

दुकानदार हसला. "लडकी की जात, इत्ता वजन उठाएगी?"

"तुमारे घर में पानी के घडे कौन उठाता?"



पण चाचाही ऐकेनात. "मोर आपल्याकडं लग्नाची ऑर्डर देणार हाय का?" म्हणाले आणि उठले.

आपा बाहेर आली ती पायरीवरच बसली. "तुम जाव अब्बा. मैं यहींच हूं."

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिला सोडून जाऊ कशी? मीही बसले. चाचा कोपऱ्यापर्यंत गेले. तिथं बराच वेळ आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मग परत आले आणि दुकानदाराला म्हणाले, "वो मोटी वाली बांधो."



गावात बोभाटा झाला. पोरीच्या नादानं मास्तर बुडाला म्हणे.

आणि रामलिंगचा पहिला रोल? अख्खा हलला. जड लेन्स हातात धरून हात थरथरले, आणि मोराच्या जागी नुसता धूर. आपा डार्करूममधून बाहेर येईना. आत रडत होती.

चाचांनी त्यातलाच एक फोटो मोठा केला. शोकेसमधल्या नवरा-नवरीला काढलं आणि तिथं तो धूर लावला.

लोक खवचटपणे विचारायचे, "काय मास्तर, चूल पेटवली का काय?"

"मोर हाय. माझ्या पोरीनं काढलाय. दिसत नसंल तर डोळे तपासून घ्या."

पुढच्या खेपेला आपानं उशीच्या अभ्र्यात ज्वारी भरून नेली, दगडावर ठेवली आणि लेन्स तिच्यावर टेकवली. आता पोरं त्याला बीन बॅग म्हणतात, ऑनलाइन मागवतात. मोराच्या गळ्यावरचं पीस न् पीस आलं!

त्याच लेन्सनं ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून बायकांचे फोटो काढायची. कॅमेरा लांब असला की बायका अवघडायच्या नाहीत. माझ्या आईचा हसतानाचा फोटो तो तेवढाच आहे.

लग्नाचं म्हणाल तर चांगलं स्थळ आलं होतं. कॅमेरा सोडावा लागेल म्हणाले. आपानं स्थळ सोडलं. खुशीत सोडलं, मी समोर होते.

तेव्हा बिचारी-बिचारी पुरे. आणि ज्यांनी आज मोठ्या आदरानं 'फोटो मास्तरांची कन्या' असं लिहिलंय, त्यांनाही सांगते.

म्हातारपणी चाचा चौकात बसायचे. कुणी नवीन माणसानं विचारलं, "आपण कोण?" की ते काठीवर जोर देऊन ताठ व्हायचे.

"मी झुबेदाचा बाप."

स्वतःचं नाव सांगायचेच नाहीत.

जा आपा. अल्लाच्या हवाली.

तुझी सुमन