खळ्यावरच्या बाई

पोरांना चारचौघांत बोलायला शिकवणाऱ्या बाई स्वतः कधी आवाज चढवत नसत. तरी त्या खळ्याच्या एका टोकाला बोलल्या, की दुसऱ्या टोकाला मला शब्द न् शब्द कळायचा. माझा कान तेव्हाच जड झाला होता. घरच्यांचं ओरडणं ऐकू येत नसे, बाईंचं यायचं. सूनबाई म्हणायची, म्हातारा सोंग करतो.

कशेळ्याच्या अलीकडे, आमच्या खाचरांना लागून शहरातल्या लोकांनी बंगले बांधले. त्यांतली काही घरं पोरांना शाळेत घालत नव्हती, घरीच शिकवायची. गावात फार हसणं झालं. मी तिसरीतून शाळा सोडली तेव्हा बापानं मला गोठ्यापर्यंत बडवत नेलं होतं, आणि इथले बाप कौतुकानं सांगतात, आमची मुलं शाळेत जात नाहीत! पोरं हुशार होती, खोटं कशाला बोलू. पण वर्गापुढं उभं राहणं नाही, गॅदरिंग नाही, त्यामुळे परकं माणूस दिसलं की आईच्या मागं दडायची. म्हणून त्यांनी कर्जतहून ह्या बाई बोलावल्या.

बाईंना बंगल्यातला हॉल नको होता. एक दिवस माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, भात झोडून झालं की तुमचं खळं देता का? हॉलमध्ये भिंती मदत करतात. इथं कुणी करत नाही."

"देतो. पन चपला भाईर काढायच्या. खळं हाय, बाजार नाय."

"काढू. आणि तुम्ही त्या टोकाला बसायचं. मुलांचं ऐकू आलं की काठी वर करायची."

मी कुणाच्या सांगण्यावरून बसणारा माणूस नव्हे. पण बसलो.

"शेवटच्या माणसाशी बोल," हे त्यांचं पालुपद. पुढचे ऐकतातच, त्यांना पळता येत नाही, म्हणायच्या. पाठ केलेलं त्यांना चालत नसे. एका पोरानं "आदरणीय व्यासपीठ" अशी सुरुवात केली. बाईंनी इकडंतिकडं बघितलं. "कुठाय रे? इथं तर शेणानं सारवलेली जमीन आहे. आणि ते मामा. त्यांना सांग काय सांगायचंय ते."

एक किडकिडीत मुलगी होती. तिची कोंबडी मुंगसानं नेली होती आणि तिला तेवढंच सांगायचं होतं. उभी राहायची, पायानं जमीन उकरायची, ओठ हलायचे. मला काही ऐकू येईना, तरी मी काठी वर केली. वर्ग सुटल्यावर बाई माझ्याकडं आल्या.

"मामा, खोटी काठी नको. तिला कळतं."

"दया आली वो."

"दया घरी ठेवा. इथं कान आणा."

मला असं बोलणारी माझी आई गेल्यावर ही पहिलीच. पुढं ती मुलगी रडत रडत एकदा मोठ्यानं बोलली आणि मी काठी उचलली, तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की बास.

पुढल्या वर्षी, कापणीच्या तोंडावर, बंगलेवाल्यांनी वाटेवर फाटक लावून कुलूप घातलं. खाचरांवरून खळ्यावर भारे आणायची आमची ती जुनी वाट. ग्रामसभा बसायची होती. मी बाईंना गाठलं.

"बाई, तुमी बोला. तुमचं ऐकतील."

"वाट तुमची आहे, मामा."

"मी बोललो की भांडान व्हतं."

"मग भांडण घरी ठेवून या."

"मला शिकवता व्हय?"

"छे! तुम्हाला कोण शिकवणार?"

सभेत बंगलेवाले पुढं खुर्च्यांवर. बाई अगदी मागं, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ. मी उठलो तो ओरडतच, "चोर हायत हे सगळे!"

"झालं आजोबांचं सुरू," शेजारचंच कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मी बाईंकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर. खोटा हात त्या वर करणार नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. मी श्वास घेतला आणि पुढच्यांना सोडून त्यांनाच सांगू लागलो. "माझी आई ह्याच वाटंनं भारा आनायची. डोक्यावर भारा आसला की मान वळत नाय, खाली बगता येत नाय. पायच वाट वळखतात. आता माझी सून आनते. दोनी हात भाऱ्याला. मंग तिनं कुलूप कशानं उगडायचं, तेवडं मला सांगा."

कुणी हसलं नाही. मागं बाईंचा हात वर झाला होता. त्या कोंबडीवाल्या मुलीचा बाप पुढच्या खुर्चीवरून उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "कुलूप काढतो."

कुलूप निघालं, पण राग राहिला. बाईंनी गावाला आपल्याविरुद्ध शिकवलं, असं बंगल्यांत बोलणं झालं. एकेक पोर यायचं थांबलं. ती मुलगी तेवढी शेवटपर्यंत आली.

"माझ्यापायी झालं," मी म्हणालो.

"मी सांगितलं त्यांना, त्या मामांना कुणी शिकवू शकत नाही म्हणून," बाई हसून म्हणाल्या. "पटलं नाही त्यांना."

कर्जतची खोली सोडून त्या लांब लेकीकडं राहायला निघाल्या, तेव्हा निरोप घ्यायला खळ्यावर आल्या. रिक्षा सडकेलाच उभी केली होती. चपला हातात घेऊन खळं ओलांडलं आणि त्या वाटेनं चालत गेल्या. फाटकापलीकडं वळून थांबल्या. ऊन डोळ्यांवर होतं, मला नुसती आकृती दिसत होती.

"मामा, येते हो!"

आवाज चढवला नव्हता. मला ऐकू आलं, म्हणून काठी वर केली. मग बराच वेळ ती खाली घेतली नाही.